कंडक्टरच्या घरचं वायफाय

माझ्या सासऱ्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. लोक हा त्यांचा गुण म्हणून सांगतात. सांगणाऱ्यांनी एकदा त्यांच्या घरात बसून नोकरी करून बघावी.

पंजाबराव तायडे, वय सत्तरीच्या पुढे, मुक्काम वलगाव. उमेदीची सारी वर्षं एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली, आणि त्यातलीही बरीच वर्षं अमरावती-परतवाडा याच रस्त्यावर. त्या रस्त्यावरची म्हातारी माणसं अजून सांगतात की पंजाबरावांची गाडी आली म्हणजे कोणी खाली राहत नसे. शाळेची पोरं, बाजाराच्या टोपल्या, माहेरी निघालेली बाळंतीण, पिशवीतून मान काढून बघणारी कोंबडी, सगळे आत. ड्रायव्हर ओरडायचा, बसलेले शिव्या घालायचे आणि हे दारात उभे राहून म्हणायचे, "सरका बाप्पा मांगं, अजून एक बसते." गाडी धापा टाकत परतवाड्याला पोचायची, पण पोचायची. पोचली म्हणजे झालं, अशी त्यांची साधी समजूत. निवृत्त झाले तरी ती समजूत काही निवृत्त झाली नाही. ती आली ती थेट माझ्या डोक्यावर बसली.

मी त्यांची सून, प्रणाली. माहेर अकोल्याचं, त्यामुळे तापट डोकं घरूनच आणलेलं. लग्नानंतर मी आणि धर्मेंद्र पुण्यात होतो. सासूबाई, त्यांचं नाव जाई, वारल्या आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, वलगावच्या घरात एकटे उरले. आम्ही त्यांना पुण्याला नेलं. तिथे ते दिवसभर लिफ्टच्या दारात उभे राहून दार धरून ठेवायचे. कोणी लांबून येताना दिसलं की आतल्यांना म्हणायचे, "थांबा, थे बाई येऊन राह्यली." आतल्यांना ऑफिसला उशीर होत असायचा. सोसायटीच्या लोकांनी धर्मेंद्रला बोलावून गोडीत सांगितलं, मग जरा कमी गोडीत सांगितलं. पंधरवड्यात मामाजींनी पिशवी भरली. "इथं कोनी कोनाले ओळखत नाही. मी मरून पडलो त वास आल्यावर कळन लोकायले," म्हणाले आणि गेले.

ते वाक्य धर्मेंद्रच्या मनातून जाईना. शेवटी त्याने अमरावतीत नोकरी शोधली आणि आम्ही वलगावला आलो. माझी नोकरी पुण्याच्याच कंपनीत राहिली. दवाखान्याच्या विम्याचं काम. पेशंटच्या घरच्यांशी संगणकावरूनच बोलायचं, समोर त्यांचे कागद उघडे ठेवायचे, आणि बोलता बोलता मंजुरीचं काम पुढे सरकवायचं. घरून कर म्हणाले, पण एका अटीवर. घरी पक्कं इंटरनेट पाहिजे आणि कामाच्या वेळात ते तुटता कामा नये. तीनदा तक्रार आली की पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. मी परत गेले तर धर्मेंद्रही आज ना उद्या येणार, हे उघड होतं. आणि मामाजी पुन्हा एकटे. एका वायरवर सगळं घर टांगलं होतं म्हणा ना.

मला वाटलं होतं, इंटरनेट घेणं म्हणजे गॅसचं कनेक्शन घेण्यासारखं असेल. फोन करायचा, माणूस येतो, जोडून जातो. तसं काही नसतं.

आधी मोबाईलच्याच नेटवर काम चालवायला पाहिलं. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. ऐन उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन मी लोकांना त्यांच्या ऑपरेशनचं विचारत बसायची. संध्याकाळी सारं गाव मोबाईल उघडून बसलं की टॉवर दमायचा आणि माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा जायचा. मग अमरावतीहून एक टाय लावलेला मुलगा आला आणि सिमकार्डवर चालणारा डबा गच्चीवर लावून गेला. वायर नको, खड्डे नको, खांब नको, असं म्हणाला. डबा सकाळी वाघ असायचा आणि दुपारनंतर मांजर. विचारलं तर म्हणाला, ताई, हे पण त्याच टॉवरवरून येतं. मग वेगळं काय घेतलं मी? यावर तो फक्त हसला.

राहिली फायबरची लाइन. केसाएवढ्या काचेच्या दोऱ्यातून उजेड धावतो आणि त्यातून नेट येतं. टॉवर दमला तरी याला काही होत नाही. हे मी इकडून तिकडून वाचून, विचारून समजून घेतलं, कारण नीट सांगणारं कोणी भेटलं नाही. गावात ही लाइन देणारा योगेश, पूर्वी टीव्हीची केबल द्यायचा. त्याला फोन केला की एकच उत्तर, "निंगालो ताई, येऊनच राह्यलो." हा माणूस आठवडाभर येऊनच राहिला. एकदा मी बाजारात गेले तर हा चहाच्या टपरीवर बसून मला फोनवर सांगत होता की फाट्यावर पोचलो. मी त्याच्यामागे उभी होते. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे तो आला.

आला तो एकदाचा. खांबावरून वायर आणली, भिंतीला भोक पाडलं, पांढरी पेटी लावली, हिरवे दिवे लागले. भिंतीमुळे वायफाय माझ्या खोलीत क्षीण येत होतं म्हणून पेटीपासून माझ्या टेबलापर्यंत वेगळी वायर ओढून घेतली. लाइट गेली तरी पेटी चालू राहावी म्हणून तिला छोटी बॅटरी लावली. मामाजी पूर्ण वेळ खुर्ची टाकून बघत होते. शेवटी योगेशला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती लोक बसते याच्यात?"

योगेश म्हणाला, "बाबाजी, कितीही लावा ना. घरचं हाये."

तोंडात काहीतरी कोंबायला हवं होतं मी योगेशच्या.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. मग दुपारी माझा आवाज तुटायला लागला. मी इथून कागद पाठवायची आणि तो वर चढताच अडकायचा. नागपूरच्या एका बाईच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन, ती रडत बोलतेय, आणि मी तिला अर्धी अर्धी ऐकू जातेय. ती चिडली, तिने तक्रार केली. पुण्याहून आमच्या वरिष्ठ, ज्योत्स्ना मॅडम, यांचा फोन आला. पहिली तक्रार नोंदली.

मी योगेशला झापलं. तो म्हणाला, सोयाबीन निघून राहिलं ना ताई, कुटाराच्या ट्रॉल्या उंच भरून येतात, वायर ओढल्या जाते. हे खरंही होतं. रस्त्यावर भुसा लादलेल्या ट्रॉल्या झोकांड्या खात जात होत्या आणि त्यांच्या शेंड्याला कोणाची ना कोणाची वायर अडकलेली असायची. पण माझी वायर शाबूत होती. दिवे हिरवे होते. मग नेट जात कुठे होतं?

वैतागून मी खिडकी उघडली. आमच्या आवाराच्या भिंतीला लागून माणसं ओळीनं बसली होती, सगळ्यांच्या माना खाली. मला क्षणभर वाटलं कोणी गेलं की काय. मग एकाच्या हातातून क्रिकेटचा आवाज आला. दुसरा लग्नाचा व्हिडिओ बघत होता. ओट्यावर नत्थुजी, मामाजींचे जुने ड्रायव्हर, पाय पसरून भीमगीतं ऐकत होते. पलीकडच्या गल्लीतल्या चंदाबाई फौजेतल्या मुलाशी बोलत होत्या. आणि मधोमध मामाजी, हातात चहाची किटली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"मामाजी, तुमी पासवर्ड देल्ला का साऱ्यायले?"

"हौ. कावून?"

"कावून म्हन्ता? माहं काम बंद पडून राह्यलं!"

मी त्यांना समजावून सांगायला बसले. लाइनीतून घरात जेवढं येतं तेवढंच येतं. तेच सगळ्यांत वाटल्या जातं. माझ्या टेबलाला वेगळी वायर असली तरी येणारं नेट एकच. त्यातही आपल्याकडून जे बाहेर जातं, आवाज, कागद, त्याला वाट आणखी अरुंद. बाहेर पाचपन्नास व्हिडिओ चालले की माझा आवाज त्यात चेंगरतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे गर्दी होते."

"हौ."

"त मंग जराशीक हळू चालन. चालन त सही."

"मामाजी, हे एस.टी.च्या गाडीवानी नाही. इथं माहा आवाज मधातच तुटते. समोरच्या बाईले अर्धंच आयकू येते."

"मंग उरलेलं अर्धं परत सांगत जाय ना."

मी कपाळाला हात लावला. पासवर्ड बदलला. त्यांच्याकडून वचन घेतलं की नवीन पासवर्ड कोणाला सांगणार नाही. त्यांनी ते ताबडतोब दिलं. हा माणूस वचन मोडत नाही, म्हणून मी निर्धास्त झाले.

चार दिवसांत पुन्हा तेच. खिडकी उघडली, पुन्हा तेच लोक, पुन्हा त्याच माना. मी बाहेर गेले तेव्हा मामाजी नत्थुजींचा मोबाईल डोळ्याजवळ धरून एक एक अक्षर दाबत होते.

"मामाजी! सांगतलं होतं ना, पासवर्ड नोका देऊ?"

"कोनाले देल्ला? मी त सोता टाकून देऊन राह्यलो. त्यायले मालूमच नाही काय हाये थो." आणि वर नत्थुजींना म्हणाले, "इचार, नत्थू. सांगतला का मी तुले?"

"नाही सांगतला," नत्थुजी म्हणाले. अगदी साक्षीदारासारखे.

त्या दुपारी एका पेशंटच्या मुलाचा दावा माझ्या अडकलेल्या कागदामुळे दुसऱ्या दिवसावर गेला. दुसरी तक्रार. ज्योत्स्ना मॅडम फोनवर अगदी हळू बोलल्या, आणि त्या हळू बोलल्या की समजायचं. "प्रणाली, आणखी एकदा झालं तर माझ्या हातात काही नाही. पुण्यात घर बघून ठेव."

फोन ठेवला आणि मी सरळ ओट्यावर गेले. माणसं बसलेली होती. मी कोणाची पर्वा केली नाही. "मामाजी, अजून एकदा हे तुटलं का मी पुन्याले गेली. मंग तुमचा पोरगाही येईन. मंग राहा तुमी आन तुमचे पॅसेंजर." सगळे उठून उभे राहिले. नत्थुजींच्या मोबाईलमधलं गाणं चालूच होतं, त्यांना ते बंद करायचं सुचलं नाही.

हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं, पण कंपनीची अट म्हणून. आपल्या घराचं काही याच्यात आहे हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता शिरलं. त्यांनी किटली खाली ठेवली.

"म्हंजे तुमी जासान?"

"जा लागन."

ते घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून फाटक लागलं. आमचं फाटक लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आतून खुर्ची टाकून मामाजी बसले, अंगात स्वच्छ सदरा. जो येईल त्याला म्हणायचे, "नाही जमत आता. सुनेचं काम हाये." नत्थुजी आले, फाटकाला धरून उभे राहिले. आयुष्यभर ज्या माणसाने सगळ्यांना आत घेतलं आणि यांना घामाघूम केलं, तो माणूस आज यांनाच आत घेत नव्हता. "मले नाही म्हन्तं, पंजाबराव?" मामाजी म्हणाले, "हौ." नत्थुजी गेले ते पुन्हा आले नाहीत.

नेट काय सुंदर चाललं मग! एक आवाज तुटला नाही, एक कागद अडकला नाही. मी खूश होते. सांगायला लाज कशाला, खूप खूश होते. इतके दिवस कोणी माझं ऐकत नव्हतं, आता ऐकलं होतं.

ती खुशी फार टिकली नाही. संध्याकाळी माझं काम संपलं की मी सांगायचे, आता उघडा फाटक. ते उघडायचे, पण कोणी यायचं नाही. लोकांनी पानटपरीजवळ दुसरी जागा धरली होती. मामाजी किटली भरून चहा करायचे आणि तो तसाच उरायचा. जेवताना अर्धी भाकर ठेवायला लागले. सकाळी उठले की माझ्याआधी पेटीजवळ जाऊन दिवे बघायचे. "हिरवे हायेत ना पोरी? चालू हाये ना?" तेच दुपारी. तेच मी मधल्या सुट्टीत पाणी प्यायला उठले की. एकदा मी जराशी खोकले तर हे दारात. "तुटलं का?"

"नाही हो मामाजी, खोकली मी."

मला त्याचाही वैताग येऊ लागला. त्यांनी ऐकलं नाही तेव्हा चिडायचं कोणावर हे तरी कळत होतं.

मग एक दिवस पेटीचा पासवर्ड पुन्हा बदलायला म्हणून मी तिचं सेटिंगचं पान उघडलं आणि खाली खाली जात राहिले. तिथे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढायची सोय होती. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, त्याला वेग किती द्यायचा तेही आपण ठरवायचं. बाहेर कितीही लोक बसोत, त्यांना ठरलेल्यापेक्षा जास्त मिळणार नाही आणि माझ्या वाट्याचं कोणी खाणार नाही. हे सगळं पहिल्या दिवसापासून त्या पेटीत होतं. मी योगेशला फोन लावला. "हे मले आधी सांगाले काय झालं होतं?" तो म्हणाला, "तुमी इचारलंच नाही ताई." मी फोन ठेवला, कारण पुढे जे तोंडात आलं होतं ते बोलले असते तर लाइन कापून गेला असता तो.

पाहुण्यांचं वायफाय सुरू केलं, दोन दिवस तपासून पाहिलं, आणि मोठ्या आनंदाने मामाजींना सांगायला गेले. आता बसवा किती बसवायचे ते. त्यांनी नाही अशी मान हलवली. फाटक लागलेलंच राहिलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा मान हलली. ज्या माणसाला नाही म्हणायला लावण्यात माझे आठवडे गेले होते, तो आता हो म्हणेना. मी हात टेकले.

रविवार होता. मला सुट्टी. मी पोहे करत होते आणि फाटकाजवळ चंदाबाईंचा आवाज आला.

"भाऊजी, पोराचा फोन येऊन राह्यला. दिसतच नाही थो, नुसता गोल गोल फिरून राह्यला. घ्या ना जराशीक लावून."

मामाजी म्हणाले, "नेट बंद हाये, चंदा."

मी गॅस बंद केला. पेटी माझ्या डोळ्यासमोर होती, सगळे दिवे हिरवे. ज्या माणसाने मला फसवतानाही शब्दाला शब्द खरा ठेवला होता, तो आज एका आईसमोर उघड उघड खोटं बोलत होता. मी बाहेर आले.

"मामाजी, चालू हाये नेट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात कडीवर होता. "आज हे आली त उद्या सारे येतीन."

"येऊ द्या ना. त्यायचं येगळं करून ठेवलं मी. सांगतलं ना तुमाले."

"थे मले समजत नाही."

"बसा, मी देईन समजावून."

"समजून नाही घ्याचं मले!" कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला. चंदाबाई दचकून मागे सरल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुटलं म्हंजे? माह्या हातानं तुटलं म्हंजे? तुमी जासान. जाई गेली तवा हे घर कसं झालं होतं, तुमाले मालूम नाही. तुमी पुन्यात होते."

चंदाबाईंच्या हातातला फोन पुन्हा वाजून वाजून थांबला.

इतक्या महिन्यांचा सगळा संताप साचून होता. योगेशवरचा, ट्रॉल्यांवरचा, कंपनीवरचा, या माणसावरचा. तो बाहेर आला तेव्हा रागानेच आला, पण शब्द भलतेच निघाले.

"नाही जात मी."

"तुटलं तरी?"

"तुटलं तरी नाही जात. दुसरी नोकरी पाहीन. अमरावतीत पाहीन, नाही भेटली त घरी बसीन. पन जात नाही."

धर्मेंद्रला विचारलं नव्हतं, स्वतःलाही विचारलं नव्हतं. नोकरी मला आवडत होती आणि अजून आवडते. पण बोलून गेले आणि बोलल्यावर लक्षात आलं की हे परत घ्यायचं नाहीये. मामाजी कडी धरून तसेच उभे होते. मी त्यांचा हात बाजूला केला आणि फाटक उघडलं.

चंदाबाईंचा मोबाईल घेऊन मी पाहुण्यांचा पासवर्ड टाकला आणि त्यांच्या मुलाला परत फोन लावला. लोकरीची टोपी घातलेला काळासावळा चेहरा एका क्षणात स्वच्छ आला. चंदाबाईंनी तो आधी मामाजींसमोर धरला, कारण इतके दिवस तीच रीत होती, लावून देणाऱ्याशी आधी बोलायचं.

"जयभीम काका," तो म्हणाला, "लय दिवसानं दिसले. बरे हा ना?"

मामाजी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसत राहिले, आणि तिकडून तो पोरगा विचारत राहिला, "काका? आवाज येऊन राह्यला का माहा?"

"येऊन राह्यला," मी म्हटलं. "बोल तू. आयकून राह्यले ते."